उतारावरची काळी जाळी

नव्या इमारतीचं काम चाललेल्या एखाद्या उतारावर तुम्ही मला पाहिलं असेल. गुडघ्याच्या जरा वर येणारी, खुंटांना बांधलेली, काळ्या कापडाची लांबच लांब पट्टी. बघणाऱ्याला वाटतं, कुणी हद्द आखली असेल, नाहीतर शेळ्या आत शिरू नयेत म्हणून आडोसा केला असेल. तसं काही नाही. मी गाळ अडवणारी जाळी. पावसाचं पाणी उकरलेली माती घेऊन उतारानं धावत सुटलं, की त्याला वाटेत थांबवायचं, माती ठेवून घ्यायची आणि पाणी तेवढं जाऊ द्यायचं, एवढंच माझं काम. जामखेडच्या बाजूला एका टेकडीच्या अंगावर मी अजून उभी आहे. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून न विचारताच सांगते.

माझा जन्म यंत्रावर झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळले, त्यांच्या चपट्या पट्ट्या झाल्या, पट्ट्यांचं कापड झालं. लुगड्यासारखं मला कुणी अंगाला लावून पाहिलं नाही की रंग बघून पसंत केलं नाही. गुंडाळी करून दोरी आवळली आणि ट्रकमध्ये टाकलं. साईटवर आले, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटच्या गोण्यांमागे मला ढकलून दिलं. तिथं उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. अख्खा उन्हाळा मी तशीच अंधारात पडून होते आणि बाहेर टेकडी फोडल्याचा आवाज ऐकत होते.

टेकडीवर कॉलेजची इमारत व्हायची होती. तिच्यासाठी डोंगराचं पोट उघडलं होतं. वर खोदलेल्या मातीचे आणि मुरमाचे ढीग, मध्ये उतार, उताराखाली ओघळ, आणि ओघळीच्या कडेला भिंगारदिव्यांची वस्ती. वस्ती कसली, एक घर, एक गोठा, थोडी लिंबोणीची झाडं आणि एक विहीर. नोहा भिंगारदिवे यांच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी ती सुरुंग लावून, हातानं माती उपसून खोदली होती. वरचा काठ दगडांनी बांधलेला, त्याखाली नुसता मुरूम, मग खडक. आजूबाजूच्या विहिरी फाल्गुनात तळ दाखवायच्या, तेव्हाही हिच्यात हंडा बुडायचा. साईटवरच्या मजुरांना प्यायचं पाणी याच विहिरीचं. नोहाबाबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

नोहाबाबांची बायको एस्तेरबाई साईटवर कामाला होती. घराच्या वर शंभर पावलांवर काम निघालेलं, लांब जायला नको, म्हणून आलेली. माझी गुंडाळी शेडमधून ओढून उजेडात आणली ती तिनंच.

त्या दिवशी पुण्याहून राजनंदिनी मॅडम आल्या होत्या. कामामुळं आसपासच्या माती-पाण्याची नासाडी होऊ नये, हे बघायला त्यांना नेमलं होतं. त्यांनी उतारावर चुन्यानं रेघ आखली आणि कल्याणला बोलावलं. कल्याण साईटचा सुपरवायझर. कर्जतकडचा, डिप्लोमा झालेला, तिशीतला पोरगा. वाईट नव्हता. पण वरून फोन आला की त्याचा चेहरा बदलायचा.

"नुसती उभी करू नका हिला," मॅडम म्हणाल्या. "पायाशी चर काढा, खालची कड चरात सोडा, वर माती टाकून धुमसून घ्या. खालून पाणी निघालं तर ही असून नसल्यासारखी. आणि दोन्ही टोकं वर, चढाकडे वळवा. बशीच्या काठासारखी."

"होईल मॅडम," कल्याण म्हणाला.

एस्तेरबाई चर खोदत होती. ती थांबली. "बाई, ह्यात माती किती थांबंल?"

"निम्म्यापर्यंत येऊ द्यायची नाही. त्याआधीच काढून टाकायची, नाहीतर वजनानं खुंट पडतील."

"आन् पानी?"

"पाणी झिरपून जाईल. पण सगळं पाणी एकाच जागी येता कामा नये. ओढा अडवायची ताकद नाही हिच्यात. आणि मातीचे ढीग हिच्यापासून लांब ठेवा, झाकून ठेवा."

"ती खाली हिर दिसती ना," एस्तेरबाई म्हणाली, "ती आमचीच हाय. म्हनून इचारलं."

मॅडमनी खाली पाहिलं आणि मान हलवली. मग स्वतः वाकून त्यांनी माझी कड चरात नीट बसली आहे का ते पाहिलं. एस्तेरबाईनं माझ्या पायावर माती ओढली आणि माती ठोकायचा धुमस उचलून घातला. एवढ्या मनापासून मला त्याआधी कुणी हात लावला नव्हता.

दुपारी नोहाबाबा कळशी घेऊन वर आले. गुडघा दुखरा, त्यामुळं एक पाय जरा ओढत चालायचे. मला बघून हसले. "ह्या कापडानं डोंगर थांबनार हाय व्हय?"

"डोंगर न्हाई वो. माती."

"माती थांबली तरी लई झालं," ते म्हणाले आणि मजुरांना पाणी वाटत पुढं गेले.

पाऊस सुरू झाला. सुरुवातीच्या सरींमध्ये लाल पाणी धावत आलं, माझ्या अंगावर आदळलं, थबकलं आणि घाम फुटावा तसं थेंबाथेंबानं माझ्यातून पलीकडं उतरलं. माती माझ्या पायाशी बसली. एस्तेरबाई खाली जाऊन विहिरीत डोकावून आली. येताना तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पाणी तिथं नितळच होतं.

तेव्हा कल्याणनं दोन बायका नेमून दिल्या होत्या. पाऊस उघडला की त्या माझ्या मागची माती फावड्यानं ओढून घमेल्यानं वर नेऊन टाकायच्या. पण इमारतीचं काम मागं पडलं. दसऱ्याला उद्घाटन ठरलेलं. कुणी मोठे पाहुणे येणार होते. त्या दोन बायकांना स्लॅबच्या कामावर घेतलं. माझ्यामागची माती चढत राहिली. मग एस्तेरबाई सुट्टी झाल्यावर घरी जायच्या आधी एकटीच ती काढायला लागली. कधी नोहाबाबा येऊन तिच्याबरोबर घमेली उचलायचे. काम करताना ते गाणी म्हणायचे, रविवारी प्रार्थनेत म्हणतात ती. वरच्या पट्टीत त्यांचा आवाज फाटायचा, पण ते गाणं सोडायचे नाहीत. एस्तेरबाई म्हणायची, "अवो, देवाला ऐकू येतंय, जरा हळू." ते आणखी मोठ्यानं म्हणायचे.

माझे ते दिवस चांगले गेले. पुढचं सांगताना जीभ जड होते, म्हणजे मला असती तर झाली असती.

मुरूम आणणारे डंपर लांबचा वळसा घेऊन वर यायचे. ठेकेदाराला तो वेळ परवडेना. एका सकाळी फोन झाला, आणि कल्याण कोयता घेऊन माझ्या खालच्या टोकाशी आला. तिथून सरळ रस्ता काढायचा होता. त्यानं दोन खुंट उपटले आणि मला कापलं. वर चढाकडं वळवलेलं माझं टोक गेलं. तिथं डंपर जाईल एवढी मोकळी जागा झाली.

एस्तेरबाई डोक्यावरचं घमेलं तसंच टाकून आली.

"कल्यानदादा, ह्ये काय करताय?"

"मावशी, गाडीला रस्ता पाहिजे."

"उताराच्या सगळ्यात खालचं टोक हाय ह्ये. सगळं पानी हितंच येनार."

"मला कळतंय."

"कळतंय तर मग?"

"वरून सांगितलंय." त्यानं कोयत्याकडं बघत उत्तर दिलं. "संध्याकाळी पोती लावून टाकू. सकाळी काढू. बास?"

"आन् दिवसा आला पाऊस तर?"

डंपरवाल्यानं हॉर्न दिला.

पोती लावायला कुणी आलं नाही. एस्तेरबाईच मुरूम भरलेली पोती त्या फटीत रचायची. सकाळी डंपरच्या चाकाखाली ती फुटायची. एस्तेरबाई नवी भरायची. ढीगही आता माझ्यापासून लांब राहिले नव्हते. परत खाली येणारा प्रत्येक डंपर वरची खोदलेली माती माझ्या अगदी डोक्यावरच्या उतारावर ओतत होता, आणि झाकायचं कापड शेडमध्येच होतं.

तिनं राजनंदिनी मॅडमना फोन लावला. माझ्याजवळच उभी होती, म्हणून मी ऐकलं.

"बाई, सलाम. मी एस्तेर, जामखेडची. जाळी कापली वो त्यांनी."

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. एस्तेरबाई "व्हय, व्हय" करत होती. मग म्हणाली, "तुमचं काम संपलं म्हंजी? माती तर अजून उघडीच हाय." पुन्हा आवाज. "बरं. लिहा तुमी. बघा काय व्हतंय." फोन ठेवून ती फुटलेली पोती गोळा करायला लागली.

भाद्रपद संपत आला होता. त्या दिवशी सकाळपासून हवा अशी दाटली होती की मजुरांना श्वास पुरेना. दुपारी जेवण उरकून माणसं कामाला लागतायत तोच बालाघाटाच्या बाजूनं आभाळ उतरलं. आधी वारा, मग पाऊस. थेंब नव्हेतच ते. ओतलंच कुणीतरी. समोरची इमारत दिसेना. सगळे पत्र्याच्या शेडकडं पळाले.

एस्तेरबाई उलट पळाली. फटीकडं.

तिनं पोती ओढायला सुरुवात केली. माझ्यामागं पाणी साचलं होतं. ते माझ्यातून झिरपत होतं, पण वरून येणाऱ्याच्या मानानं काहीच नाही. मग मी अडवलेलं ते पाणी माझ्याच कडेकडेनं चालायला लागलं. टोक वर वळवलेलं असतं तर ते तिथं थांबलं असतं. आता त्याला वाट माहीत होती. सगळ्या उतारावरचं पाणी माझा हात धरून त्या फटीपाशी आलं. मी जितकी घट्ट उभी राहिले तितकं जास्त पाणी मी तिकडं नेलं. माझा पाय तिनं धुमसून पक्का केला होता, तो हललाच नाही.

खाली ओघळ भरायला लागली होती. पावसाच्या पडद्यातून एस्तेरबाईला नोहाबाबा दिसले. खांद्यावर दोर होता. विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर मोटार बसवलेली होती. पाणी चढलं की ती बुडते, म्हणून ते तिला दोर बांधून वर काढायला निघाले होते. दर पावसाळ्यात हेच करायचे ते. पायऱ्या उतरून खाली गेलेले दिसले.

"अवो!" ती ओरडली. "वर या! मोटार जाऊ दे, वर या!"

पावसात तिचा आवाज माझ्यापर्यंत नीट पोचला नाही, मग तिथं काय पोचणार.

ती खाली धावणार, तोच कल्याण शेडमधून धावत आला आणि त्यानं तिचा दंड धरला. "मावशी, माती सुटलीय! माती!"

माझ्या डोक्यावरचा ढीग बसला होता. बसला म्हणजे आतून विरघळला आणि सगळाच्या सगळा सरकला. पोती, मुरूम, दगड, डंपरनं दाबलेला रस्ता, सगळं एकदम फटीतून खाली गेलं. पाण्यासारखं नाही गेलं ते. कालवलेल्या पिठासारखं, जड, आवाज न करता गेलं. लिंबोणीची दोन झाडं उभ्याउभी सोबत घेतली. विहिरीच्या वरच्या काठाला टेकलं. क्षणभर थांबल्यासारखं वाटलं. मग काठाचे दगड आत गेले, आणि त्यांच्यामागोमाग सगळं आत गेलं.

कल्याणच्या हातातून सुटून एस्तेरबाई खाली धावली. विहीर होती तिथं चिखलाची सपाट जागा होती. ती हातानं उकरायला लागली. मग गावातली माणसं आली, साईटवरची आली, जेसीबी आलं. पाऊस थांबला तरी ती तिथंच होती.

नोहाबाबा दुसऱ्या दिवशी सापडले. दोर अजून हाताला गुंडाळलेला होता.

पण त्याच दिवशी, ते सापडायच्या आधी, उजाडता उजाडता आणखी एक गोष्ट झाली. तीही सांगायलाच हवी. खाली माणसं माती उपसत होती, आणि वर कल्याण नव्या जाळीचा तुकडा घेऊन माझ्याजवळ आला. त्याच्या कानाला फोन होता. तो "हो सर, हो सर" म्हणत होता. त्यानं दोन नवे खुंट ठोकले, तुकडा फटीत ताणला आणि तारेनं माझ्या कापलेल्या कडेला शिवला. दोनदा तार बोटात घुसली. काम झाल्यावर खाली न बघता तो शेडकडं गेला.

नोहाबाबांना गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेलं. पाळकांनी प्रार्थना केली. वाऱ्यावर गाण्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. सगळे सुरात म्हणत होते. वरच्या पट्टीत कुणाचाच आवाज फाटत नव्हता.

चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा ऊन पडलं होतं. ठेकेदार त्यांच्याबरोबर चालत होता. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवले. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हाचे. टोकं वळवलेली, पाय पुरलेला, नवी कोरी मी. मग त्यानं माझ्याकडं हात केला. "आत्ताही बघा सर. सलग आहे. निसर्गापुढं काय करणार?"

साहेबांनी एस्तेरबाईला बोलावलं. ती पांढऱ्या लुगड्यात आली. "बाई, जाळी होती ना इथे?"

"व्हती."

"मग झालं तर."

"साहेब, जिथं पायजे व्हती तिथंच न्हवती." ती फटीच्या जागी गेली आणि नव्या तुकड्यावर हात ठेवला. "ह्ये बघा. ही बाकीची जाळी बघा. निम्म्याच्या वर माती चढल्याचा डाग हाय तिला. आन् ह्यो तुकडा? ह्याला चिखलाचा थेंब न्हाई. एवढा डोंगर खाली आला, आन् ह्याच्या अंगाला माती लागली न्हाई व्हय?"

साहेबांनी तुकड्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग कल्याणकडं. "काय सुपरवायझर? हा तुकडा कधीचा?"

ठेकेदारही कल्याणकडं बघत होता. कल्याण म्हणाला, "पहिल्यापासूनच आहे सर."

एस्तेरबाई त्याच्याकडं बघत राहिली. या पोराला तिनं साईटवर आपल्या डब्यातली भाकरी दिली होती. साहेब गाडीत बसून गेले. पुढं कळलं ते असं, की गाळ रोखण्याची उपाययोजना जागेवर आढळली आणि दुर्घटना अतिवृष्टीनं घडली.

दसऱ्याला उद्घाटन झालं. फीत कापली, टाळ्या वाजल्या. लोकांच्या नजरेत मी येऊ नये म्हणून माझ्यासमोर झेंडूच्या माळा बांधलेले बांबू उभे केले होते.

हिवाळ्यात एका दुपारी कल्याण वस्तीवर आला. काम सोडलं होतं त्यानं. अंगणातल्या बाजेवर बसला. एस्तेरबाई दारात उभी. घरी आलेल्याला पाणी द्यायची रीत. ती म्हणाली, "पानी मागू नको. हिर न्हाई आता. टँकर परवाला येतोय."

तो रडायला लागला. "मावशी, मला झोप लागत नाही."

"मला बी लागत न्हाई."

"काय करू सांगा."

"मला सांगून काय करतोस? मला सगळं ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाई, त्यांना जाऊन सांग."

तो गेला आणि त्यानं खरंच सांगितलं. लेखी जबाब दिला. फट कुणी पाडायला लावली, तुकडा कधी शिवला, कुणाच्या फोनवरून. ठेकेदाराच्या वकिलानं म्हटलं, नोकरी गेल्याच्या रागातून पोरगं खोटं बोलतंय. मग कोर्टातून हुकूम निघाला की जाळी जागेवर जशी आहे तशीच राहू द्यावी, ती तपासायला जाणकार माणूस येईल. आजवर तो आलेला नाही. तारीख पडते आणि पुढं जाते.

माती थांबवायला आणली होती, ती मी आता पुरावा झाले. मला काढायची मुभा नाही.

पण माझी जात फार दिवस टिकायची नाही. एखाद-दुसऱ्या पावसाळ्यापुरतंच आमचं आयुष्य असतं. उतारावर गवत धरलं की आम्हाला गुंडाळून न्यायचं असतं. इथं गवत केव्हाच धरलंय. उन्हानं माझे धागे सुटायला लागलेत. वारा आला की माझ्या अंगाच्या चिंध्या फडफडतात. त्यातल्या काही उडून त्याच ओघळीत पडतात. खुंट वाळवीनं पोखरलेत. आणि मला सावरून धरते कोण, तर एस्तेरबाई. जिनं मला बघितलं तरी तोंड फिरवावं, ती येते, पडायला आलेल्या खुंटाला दगड लावते, सुटलेली तार पिळते, माझ्यावर चढलेला वेल काढते. मला ती बोलत नाही. माझ्या डागावर बोट ठेवून कधी कधी थांबते, इतकंच.

परवा कॉलेजचा राखणदार रामहरी तिथून जाता जाता म्हणाला, "मावशी, कशाला सांभाळताय? फाटलीय ती सगळी."

"फाटू दे," ती म्हणाली. "पडू द्यायची न्हाई."

तिला काय दिसतंय ते मला माहीत आहे, कारण मलाही तेच दिसतंय. माझ्या अंगावरचा मातीचा डाग पावसानं धुऊन फिका होत चाललाय. आणि तो नवा तुकडा उन्हानं विटून करडा पडतोय. दर ऋतूत आम्ही एकमेकींसारख्या दिसायला लागलोय. अजून एक उन्हाळा गेला, तर कुठला तुकडा आधीचा आणि कुठला नंतरचा, हे बघणाऱ्याला ओळखू येणार नाही. ज्यांना मला तपासायला यायचं आहे, त्यांनी तो उन्हाळा सरायच्या आत या. उताराच्या खालच्या टोकाला या. तिथं एक बाई दगड लावत असेल, ती दाखवेल.